फरशीखालचं धोरण

आयर्लंडमध्ये १ जुलै १९९८ नंतर बांधलेल्या कुठल्याही घराभोवती एक फेरी मारा. जोत्याजवळ, बहुतेक वेळा मागच्या भिंतीला, चार इंची पीव्हीसी पाइपाचं टोपण लावलेलं तोंड दिसेल. हा पाइप सांडपाण्याचा नाही, पन्हाळीचा नाही, केबलचाही नाही. घरमालकांना विचारलं तर बहुतेकांना तो कशाचा हे ठाऊक नसतं. एकाने त्याच्या अंगाला गुलाबाची वेल चढवली होती. एका आजीबाईंनी उंदीर घरात शिरतील म्हणून त्यात सिमेंट भरून घेतलं होतं.

त्या पाइपाचं दुसरं टोक घराच्या साधारण मध्यावर, काँक्रीटच्या खाली, खडीत पुरलेल्या एका पोकळ डब्यात असतं. या डब्याला इथे सम्प म्हणतात. कायद्याने प्रत्येक नव्या घराखाली तो घालावाच लागतो, आणि बहुतेक घरांत तो कधीच वापरला जात नाही. तरीही आयर्लंडच्या सरकारने लोकांच्या तब्येतीसाठी केलेल्या शहाण्या कामांत मी त्याला बराच वरचा नंबर देते. हे मी पावसात छत्री सांभाळत तो डबा खरोखर खडीत गेला की नाही हे बघणारी बाई म्हणून सांगते.

मी मूळची साताऱ्याची, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं साइटवर काढली, मग नवऱ्याच्या नोकरीमागे गॉलवेला आले आणि इथेही साइटवरच रमले. माझ्या हुद्द्याला क्लार्क ऑफ वर्क्स म्हणतात. बांधून घेणाऱ्याच्या वतीने साइटवर उभं राहायचं आणि ठेकेदार नकाशाप्रमाणे काम करतोय ना, हे तपासायचं. आपल्याकडे जोत्यात सोलिंग करतात तसा इथे आधी खडीचा जाड थर दाबतात, त्यात सम्प बसवतात, वर बारीक कच टाकून टोकं बुजवतात. त्यावर घराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड प्लास्टिकचा अखंड पडदा पसरतात आणि मग स्लॅब ओततात. हा पडदा म्हणजे रेडॉन मेंब्रेन. सम्प देशभर सक्तीचा आहे, पूर्ण मेंब्रेन ज्या भागांत रेडॉन जास्त आहे तिथे. गॉलवे अशा भागांपैकीच.

रेडॉन हा वायू आहे. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. जमिनीतल्या युरेनियमचं हळूहळू रेडियम होतं आणि रेडियमचा अणू फुटला की रेडॉन निघतो. ही साखळी पृथ्वी झाली तेव्हापासून चालू आहे, तिच्याशी अणुभट्ट्यांचा काही संबंध नाही. साखळीतले बाकीचे सगळे घटक घन आहेत, ते दगडात अडकून राहतात. हा एकटा वायू असल्यामुळे फटींतून वर येतो. उघड्यावर आला की वाऱ्याने पांगतो, घनमीटरला दहा-पंधरा बेकरेल एवढाच उरतो. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं.

घराखाली आला की मात्र गोष्ट बदलते. थंड देशात घर आतून गरम असतं. गरम हवा वर जाते, पोटमाळ्यातून, खिडक्यांच्या फटींतून निसटते आणि तळमजल्यावर बाहेरच्यापेक्षा दाब किंचित कमी होतो. हा फरक इतका थोडा की दार उघडताना हातालाही जाणवणार नाही. पण घर रात्रंदिवस जमिनीला तोंड लावून श्वास ओढत राहतं. स्लॅबला गेलेला तडा, भिंत आणि फरशीमधली सांध, नळाच्या पाइपाभोवती राहिलेली मोकळी जागा, एवढं त्याला पुरतं. म्हणून हिवाळ्यात आकडे चढतात, म्हणून वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्यावर रेडॉन जास्त, आणि म्हणूनच शेजारच्या दोन घरांत जमीनअस्मानाचा फरक सापडू शकतो. शेजाऱ्याची मोजणी चांगली आली म्हणून आपली येईल असं अजिबात नाही.

फुप्फुसात गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर येतो. उपद्रव करते त्याची पिलावळ. रेडॉनचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा. तो फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू तयार होतात, ते धुळीच्या कणांना चिकटतात आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर जाऊन बसतात. पोलोनियममधून निघणारा अल्फा कण इतका दुबळा की साध्या कागदाने अडतो. पण श्वासनलिकेच्या आत त्याच्या आणि जिवंत पेशीच्या मध्ये कागद कोण धरणार? खाणकामगारांना हे फार आधी भोगावं लागलं. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणींत माणसं छातीच्या कसल्याशा रोगाने तरुणपणीच जात. तो रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, हे १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं. रेडॉनचा शोध त्यानंतर लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

साताऱ्यात वाढताना हा शब्द माझ्या कानावरून गेला असेल तर रसायनशास्त्राच्या तासाला, अक्रिय वायूंच्या यादीत शेवटी. त्याला कारण आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे त्या बेसाल्टमध्ये युरेनियम टनाला एखादा ग्रॅम, नाहीतर त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते सहज चौपट असतं. शिवाय आपली घरं बारा महिने उघडी. खिडकी बंद करायची ती धो धो पावसात, नाहीतर संध्याकाळी डास येतात म्हणून. महाराष्ट्र सगळाच काही बेसाल्टचा नाही. भंडारा-गडचिरोलीकडे, तळकोकणात आणि गोव्यात जुने, वेगळे खडक आहेत. तिथल्या एखाद्या थंडगार, एसीसाठी गच्च बंद केलेल्या तळघरात मोजून पाहायला मला आवडेल.

आता धोका किती, हे. बातम्यांमध्ये फक्त घाबरवणारा अर्धा भाग येतो म्हणून मी पुरते आकडे देते. युरोपातल्या नऊ देशांतले तेरा अभ्यास एकत्र करून ऑक्सफर्डच्या सारा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात सात हजारांवर रुग्ण होते. घरातला रेडॉन दर १०० बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. टक्केवारी फसवी असते, म्हणून माणसांत सांगते. जन्मात कधी सिगारेट न ओढलेली हजार माणसं घ्या. घरात रेडॉन नसेल तर वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत त्यातली चार फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. १०० बेकरेल असेल तर पाच, ४०० असेल तर सात. आता सिगारेट ओढणारी हजार माणसं घ्या. रेडॉन नसतानाच शंभर जातात. १०० बेकरेलला एकशे वीस, ४०० ला एकशे साठ. धोका दोघांचाही साधारण त्याच पटीत वाढतो, पण मुळात दहा टक्क्यांवर उभ्या असलेल्या माणसाला ती पट फार महागात पडते. आमचा एक फोरमन मेंब्रेनचे सांधे तपासताना तोंडात सिगारेट धरून असतो. त्याला मी हे आकडे ऐकवले. तो म्हणाला, मग तू त्या पडद्याच्या मागे का लागतेस, माझ्या मागे लाग. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. सिगारेट सोडवणं ही रेडॉनविरुद्धचीही सगळ्यात स्वस्त मोहीम आहे.

मग सरकारांनी रेषा कुठे आखायची? जागतिक आरोग्य संघटनेचं २००९ चं म्हणणं असं की शक्य तर १०० बेकरेल ही संदर्भ पातळी ठेवा, देशाच्या परिस्थितीत ते जमत नसेल तर काहीही झालं तरी ३०० च्या वर जाऊ नका. अमेरिका तिच्या मापात ४ पिकोक्युरी म्हणते, म्हणजे १४८. आयर्लंड घरांसाठी २००, कामाच्या जागांसाठी ३००. ब्रिटनमध्ये २०० ला कृती करा आणि १०० पर्यंत आणायचा प्रयत्न करा, अशा दोन पायऱ्या आहेत. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशात ३०० ही कमाल मर्यादा घातली आणि प्रत्येक सदस्य देशाने रेडॉनचा राष्ट्रीय कृती आराखडा करावा, असं बंधन टाकलं. एकाच वायूला इतके आकडे कसे, असं लोक विचारतात. १९९ ला सुरक्षित आणि २०१ ला धोकादायक असं काही नसतं. धोका सरळ रेषेत वाढत जातो आणि रेषा कुठे मारायची हे पैसे, जमीन आणि घरांची संख्या बघून ठरतं. आखलेल्या रेषेच्या वर सापडलेल्या घराला सरकार काय करायला लावतं, की नुसतं पत्र पाठवून मोकळं होतं, हे मी आधी बघते.

आयर्लंडने पत्रांपासून सुरुवात केली. १९९२ ते १९९९ या काळात देशभर सुमारे अकरा हजार घरांत मोजणी झाली आणि त्यावरून नकाशा निघाला. मोजणी सोपी आहे. बिस्किटाएवढ्या प्लास्टिकच्या दोन डब्या टपालाने घरी येतात. एक झोपायच्या खोलीत ठेवायची, एक बैठकीच्या खोलीत, आणि तीन महिने विसरून जायचं. आत खास प्लास्टिकचा तुकडा असतो. अल्फा कण आदळला की त्यावर अदृश्य ओरखडा उठतो. प्रयोगशाळेत तो तुकडा गरम कॉस्टिक सोड्यात बुडवला की ओरखड्यांचे खड्डे होतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. सगळ्याचा खर्च पन्नास-साठ युरो.

२००३ मध्ये केरी परगण्यातल्या कॅसलआयलंड या लहानशा गावी एका घरात ४९,००० बेकरेल सापडले. ठरलेल्या पातळीच्या २४५ पट. देशभर बातम्या झाल्या. किरणोत्सार संरक्षणाच्या सरकारी संस्थेने त्या भागातल्या सुमारे अडीच हजार घरांना मोजणी करून घ्या म्हणून पत्रं धाडली. मोजणी केली ती चारशेच्या आसपास घरांनी. गावातल्याच घरात एवढं सापडलंय, वर्तमानपत्रात आलंय, तरी सहातल्या पाच घरांनी पत्र बाजूला ठेवून दिलं.

मला याचा राग येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका शेतकरी बाईंनी मला त्यांचं गणित ऐकवलं होतं. मोजून घेतलं आणि कमी निघालं तर पैसे फुकट. जास्त निघालं तर अंगण उकरा, पंखा बसवा आणि उद्या घर विकताना तोच कागद आडवा येणार. आजोबा याच घरात नव्वद वर्षांचे होऊन गेले. मग मोजू कशाला? या युक्तिवादाला आरोग्य खात्याच्या पत्रकात उत्तर नाही. वीस-तीस वर्षांनी कुणाला तरी होईल असा रोग, तोही इतर कारणांनी होणाऱ्या त्याच रोगाहून वेगळा न ओळखता येणारा. धूर दिसला असता, नाक चुरचुरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माणसं रांगेत उभी राहिली असती.

शाळांचं मात्र वेगळं झालं. तिथे कुणाची इच्छा विचारायची नव्हती. १९९८ पासून २००४ पर्यंत देशातल्या जवळपास सगळ्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या तळमजल्यांवर, अडतीस हजारांहून जास्त खोल्यांत डब्या ठेवल्या गेल्या. जिथे २०० ते ४०० निघालं तिथे हवा खेळती केली, त्यावर निघालं तिथे सम्प आणि पंखा. काम झालं. कामाच्या जागांचंही तसंच. जास्त रेडॉनच्या भागात तळमजल्यावर किंवा तळघरात माणसं कामाला असतील तर मोजणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. अशी एखाद्याच्या गळ्यात पडणारी जबाबदारी असली की काम होतं. घरमालकाच्या गळ्यात ती कुणीच घालत नाही, कारण मत त्याचं असतं.

अमेरिकेने माणसाला दुसऱ्याच ठिकाणी गाठलं. तिथली गोष्ट सुरू होते डिसेंबर १९८४ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात. (आयर्लंडच्या लिमरिकवरूनच हे नाव तिकडे गेलं.) स्टॅन्ली वॉट्रस या इंजिनिअरच्या अंगावरच्या किरणोत्साराने दारातला गजर वाजू लागला. गंमत अशी की तो आत शिरतानाही वाजायचा, आणि केंद्र तेव्हा अजून वीज बनवतही नव्हतं. शोध घेतला तर त्यांच्या बॉयरटाउनच्या घरात रेडॉन सुमारे एक लाख बेकरेल. अणुकेंद्रातल्या माणसाला किरणोत्सार घरून येत होता. त्या एका घराने सगळा देश हलला. १९८८ च्या कायद्यात अमेरिकन संसदेने उद्दिष्ट लिहून ठेवलं की घरातली हवा बाहेरच्या हवेइतकी रेडॉनमुक्त करायची. कायद्यात लिहायला छान आहे. आजही तिथल्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने वर्षाला सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात.

तरी तिथे एक गोष्ट आपोआप घडली. माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे. तिने आणि तिच्या यजमानांनी घर घेताना रेडॉन हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरकडून. तळघरात कोळशाची डबी ठेवून दोन दिवस दारं-खिडक्या बंद. निकाल चारच्या वर आला. लगेच दोन्ही वकिलांच्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण, आणि विकणाऱ्याने पंधरवड्यात पाइप आणि पंखा बसवून दिला, कारण सौदा अडला असता. बहिणीने मला फोनवर विचारलं, "ताई, हा पंखा रात्री बंद ठेवला तर चालेल का गं? वीज जाते ना." मी म्हटलं, तो बंद करायचा नसतोच, जन्मभर चालतो. न्यू जर्सीत मोजणी करणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो आणि घराची मोजणी झालेली असेल तर तिचा निकाल विक्रीच्या करारावेळी सांगणं बंधनकारक आहे. मोजलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. पण घर घेणारा, कर्ज देणारा, इन्स्पेक्टर, सगळे त्या क्षणी पैशांकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतात. दोन दिवसांच्या मोजणीचा शास्त्रीय दर्जा मला फारसा पटत नाही, हवा बदलली तरी आकडा बदलतो. पण तीन महिन्यांची अचूक मोजणी न करणाऱ्या गावापेक्षा दोन दिवसांची कच्ची मोजणी करणारं गाव बरं.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट आहे, तिथेही रेडॉन भरपूर. सौदा तीन महिने कोण थांबवणार, म्हणून तिथे वकिलांनी तोड काढली. किमतीतली थोडी रक्कम बाजूला ठेवायची, नव्या मालकाने मोजून घ्यायचं, जास्त निघालं तर त्यातून दुरुस्ती, नाही तर पैसे विकणाऱ्याला परत. चेक प्रजासत्ताकात घर बांधायच्या आधीच प्लॉटच्या मातीत नळी खुपसून रेडॉन मोजतात आणि त्यावर पायाचा नकाशा ठरतो. युरेनियमच्या खाणींनी पोळलेला देश तो, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. नॉर्वेने भाड्याच्या घराला धरलं. २०१४ पासून भाड्याने दिलेल्या घरात २०० च्या वर रेडॉन असणं बेकायदेशीर. स्वीडनने तर आपल्याच हाताने संकट ओढवून घेतलं होतं. तिथे १९२९ पासून १९७५ पर्यंत एका खास शेलपासून निळसर हलकं काँक्रीट बनवत आणि त्या दगडातच रेडियम जास्त, म्हणजे जमिनीचा प्रश्नच नाही, भिंतच रेडॉन सोडते. दुरुस्तीच्या अर्ध्या खर्चाचं अनुदानही त्यांनी काही वर्षं दिलं.

हे सगळं बघून मला एका ब्रिटिश अभ्यासाची आठवण होते. डार्बी यांचाच गट, २००९. त्यांनी हिशेब मांडला की ब्रिटनमध्ये रेडॉनमुळे वर्षाला सुमारे अकराशे माणसं जातात, आणि त्यातली बहुसंख्य ज्या घरांत राहत होती तिथे रेडॉन १०० च्याही खाली होता. याचं कारण इतकंच की तशी घरंच फार. सरकार शोधत होतं लाल ठिपक्यांची घरं, आणि माणसं जात होती नकाशावर पांढऱ्या दिसणाऱ्या भागांत. जुनी घरं हुडकून दुरुस्त करणं पैशांच्या हिशेबात परवडत नाही, सरसकट प्रत्येक नव्या घराखाली साधा पडदा घालणं परवडतं, असा त्यांचा निष्कर्ष. मोजा, नकाशा काढा, जाहिरात करा, या रिवाजाला हा चांगलाच टोला होता.

आयर्लंडचा पाइप या हिशेबात बसतो. घर बांधणारा माणूस त्या वेळी लाखो युरो खर्च करत असतो, त्यात शेकड्यांच्या घरातला एक डबा आणि पडदा त्याला टोचत नाही. त्याला समजावायचं नाही, घाबरवायचं नाही, त्याच्या सहीचीही गरज नाही. पुढे कधी मोजणीत रेडॉन जास्त निघाला तर भिंतीवरचं टोपण काढायचं, छोटा पंखा लावायचा, खडीतला वायू छपराच्या वर सोडून द्यायचा. अशाने पातळी नव्वद टक्क्यांहून जास्त खाली येते. १९९० च्या दशकातल्या पाहणीत देशातल्या घरांची सरासरी ८९ बेकरेल होती, नंतरच्या पाहणीत ७७ निघाली. नकाशाही दरम्यान सुधारला. २०२२ च्या नकाशावर आपला पिनकोड टाकला की आपल्या भागात दर पाचातलं, दहातलं की विसातलं एक घर पातळीच्या वर असू शकतं ते कळतं. त्या हिशेबाने देशात १,७०,००० घरं धोक्यात आहेत आणि वर्षाला सुमारे ३५० जणांना रेडॉनशी जोडता येणारा फुप्फुसाचा कर्करोग होतो. यातली खूपशी घरं १९९८ च्या आधीची. त्यांच्याखाली डबा नाही.

आणि जिथे डबा आहे तिथेही सगळं आलबेल असतं असं समजू नका. मेंब्रेन पसरून झाल्यावर प्लंबर येतो, त्याला पाइप दोन इंच सरकवायचा असतो, तो कटरने भोक पाडतो आणि टेप खिशातच राहते. लोखंड बांधणारे काँक्रीटच्या गाडीची वाट बघत सळया त्यावर ओढतात. एकदा स्लॅब पडला की आत काय आहे हे कुणाला कळणार नाही. एका साइटवर आमच्या फोरमनशी यावरून माझी चांगलीच जुंपली. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसलेला, आणि मी म्हणतेय की हा सांधा पुन्हा चिकटवल्याशिवाय ओतायचं नाही. "बाई, हवा जाणाऱ्या भोकासाठी मी दोन हजारांचं काँक्रीट वाया घालवू?" असं तो म्हणाला. शेवटी चिकटवला. डब्लिनमधल्या राष्ट्रीय धोरणाचा शेवटचा मुक्काम हा असा, टेपच्या रिळावर असतो. २०१४ च्या रेडॉन नियंत्रण धोरणात साइटवरच्या लोकांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा आला तो यासाठीच.

मला सध्या खरी काळजी वाटते ती मात्र जुन्या घरांना नव्याने उबदार करण्याच्या लाटेची. इंधन वाचावं म्हणून सरकार भिंतींना आवरण, नव्या खिडक्या, फटी बुजवणं यासाठी अनुदान देतं. काम चांगलंच आहे, थंडीत कुडकुडणारे म्हातारे मी बघितले आहेत. पण फटी बुजवल्या की आत आलेला रेडॉन बाहेर पडायची वाटही बुजते. इंग्लंडमधल्या घरांसाठी २०१४ मध्ये केलेल्या गणिती अभ्यासात असं निघालं की वेगळी हवेशीर व्यवस्था न करता घरं नुसती गच्च केली तर घरातला सरासरी रेडॉन निम्म्याहून जास्त वाढेल. घर गच्च करताना मोजणीच्या दोन डब्या आणि गरज पडली तर एक पंखा त्याच अर्जात का बसू नये? मचाण उभं आहे, मजूर आलेत, मालकाने सही करायला पेन उघडलंय. याहून चांगली वेळ पुन्हा यायची नाही.

या सगळ्या धोरणांच्या जाळ्यातून एक माणूस मात्र सुटतो आणि तो बरेचदा आपला असतो. न्यू जर्सीत, टोरांटोत शिकायला किंवा पहिल्या नोकरीवर आलेली आपली मुलं स्वस्त पडतं म्हणून कुणाच्या तरी तळघरात राहतात. ते घर नवं नसतं, विकलं जात नसतं, कामाची जागा नसते. कॅनडाने २००७ मध्ये आपली मार्गदर्शक पातळी ८०० वरून २०० वर आणली, पण मार्गदर्शक पातळी भाडेकरूच्या खोलीत आपण होऊन जात नाही. अशा कुणी मला विचारलं तर मी सांगते: डबी स्वतः विकत घे. थंडीच्या तोंडाला, खिडक्या बंद राहतात तेव्हा ठेव. स्वयंपाकघरात नको, न्हाणीघरात नको, खिडकीजवळ नको. पलंगाशेजारी, जमिनीपासून हातभर वर. तीन महिने हलवू नकोस. निकाल जास्त आला तर खिडकी उघडी ठेवून हिवाळा काढायचा विचार सोड, हीटरचं बिल तुझं आणि रेडॉन तसाच. उपाय पाइप आणि पंखाच, आणि तो घरमालकाने करायचा. त्याला फोनवर सांगू नकोस, अहवाल जोडून ईमेल कर. तारीख राहते.